दोन बायांचा कोयता

कोयता म्हणजे दोन माणसं, नवरा आणि बायको. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची, आणि कारखान्याच्या वहीत, मुकादमाच्या तोंडी त्या दोघांचं मिळून नाव एकच, कोयता. आमच्या बीड जिल्ह्यात हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते हापिसातल्या माणसाला, आणि त्याला ते शेवटपर्यंत कळत नाही.

भिवराबाई आणि रसूलबी यांचा मिळून एक कोयता होता. दोघीही बायाच. हसू नका, टोळीतली माणसं आधीच हसून झालीत.

भिवराबाई धारूरच्या घाटाकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिचा नवरा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेला. सकाळी ढिगापाशी बसला तो दुपारी उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. दिरांनी तिला घराबाहेर काढलं असं कुणाला म्हणता येणार नाही, तेवढी लाज त्यांना होती. ते नुसतं तिचं ताट वाढायचं विसरायला लागले. तीन-चार वर्षं बाईनं सोसलं आणि एक दिवस पदर खोचून शहादेव मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसली.

शहादेव म्हणाला, "बाई, अर्धा कोयता घेऊन मी काय करू? तुला ऱ्हायला पाचटाची कोपी कुठली देऊ? उसाच्या फडात कुणाबरबर घालू?"

त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक अर्धा कोयता आधीपासून बसलेला होता. ही रसूलबी, पिंजाऱ्याची. ठेंगणी, काटक, तोंडानं फटकळ. तिचा नवरा कापूस पिंजायची धनुकली खांद्याला लावून गावोगाव गाद्या भरत हिंडायचा. दुष्काळात गाद्या कोण भरतंय? तो हैद्राबादेकडं काम बघायला गेला तो गेलाच. शहादेवनं एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं बघितलं, आणि थट्टेनं म्हणाला, "बघा बरं, दोन अर्धे मिळून एक व्हतोय का!" टोळी खो खो हसली. त्या दोघी हसल्या नाहीत. लुगडं सावरून दोघी एकदमच उठल्या आणि ट्रकमध्ये चढायला निघाल्या.

अकरा हंगाम त्यांनी काढले. रसूलबी तोडायची, भिवराबाई मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. मोळी काय एकटीच्या बळानं डोक्यावर चढत नाही. तिला समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. तो हात रसूलबीचा. ती ठेंगणी, त्यामुळं टाचा वर करून मोळी चढवायची आणि दर खेपेला तेच म्हणायची, "मान सरळ ठेव, भिवरे." डोक्यावरची चुंबळसुद्धा तिनंच करून दिलेली. आत पिंजलेला कापूस, वरून जुन्या लुगड्याचा काठ. पिंजाऱ्याच्या हातची चुंबळ, डोकं कधी दुखलं नाही.

नवव्या हंगामात भिवराबाई मोळीसकट ट्रकच्या फळीवरून खाली आली. उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण तेव्हापासून तो हात काही कानाच्या वर गेला नाही. ओझं चढवायला तर माणूस लागायचंच, आता उतरवायलाही लागायला लागलं. मुकादमानं तोंड वाकडं केलं. रसूलबी म्हणाली, "तुमाला ऊस तुटल्याशी मतलब हाय का न्हाई? मग गप ऱ्हावा." चढवून द्यायची आणि पळत पुढं जाऊन गाडीपाशी उतरवून घ्यायची. दिवसभर तिची अशी धावाधाव. पण कोयता मोडला नाही.

हंगाम सरला की गावाकडं जायला दोघींना घर नव्हतं. मग बीडला नदीकाठी एक झोपडी घातली आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तूर, मिरची निवडायला जायला लागल्या. नदीकाठी कोण नव्हतं! शेतकरी होते, वडार होते, कैकाडी, तांबोळी, पारधी, सगळे दुष्काळानं झाडून आणलेले. जागाच इतकी अपुरी की एकाच्या दोरीवर दुसऱ्याचं धुणं आणि एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यात. भांडणं व्हायची ती धुण्यावरून आणि धुरावरून. नारायणगडची जत्रा आली की भिवराबाई वर दर्शनाला जायची आणि रसूलबी पायथ्याशी दोघींच्या चपला राखत शेव खात बसायची.

"तुझ्या देवाला माझा सलाम सांगितलास का?"

"सांगितला. म्हणला, चपला नीट सांभाळ म्हणावं तिला."

असं चाललं होतं. मग शहाऐंशीचा दुष्काळ आला. नदीत नावाला पाणी राहिलं नाही. खेड्यांतली आणखी माणसं शहरात लोटली, झोपड्या दुपटीनं वाढल्या आणि इतकी वर्षं कुणाच्या खिजगणतीत नसलेला तो नदीकाठ सरकारच्या डोळ्यात खुपायला लागला. योजना निघाली. नदीकाठ मोकळा करायचा, ऊसतोड मजुरांच्या सहकारी सोसायट्या काढायच्या, सरकारनं जागा द्यायची आणि सोसायटीनं दोन खोल्यांची पक्की घरं बांधायची. खोटं कशाला बोला, भिवराबाईला त्या दिवशी आनंदानं भाकरी नीट थापता आली नाही.

मोजणीला कारकून आला. पोरसवदा, गोड बोलायचा. "कुटुंबं किती इथं?"

"एक कोयता हाय, सायेब," भिवराबाई म्हणाली. "लिवा. भिवराबाई आन् रसूलबी."

तिचं काय चुकलं? कारखान्यावर एका कोयत्याला एक कोपी मिळते. पाण्याचा पिंप कोयत्यावर, सरपण कोयत्यावर. अकरा वर्षं त्या दोघी अशाच मोजल्या गेल्या होत्या. मग एका कोयत्याला एक घर, एवढी साधी गोष्ट. कारकुनानं 'कुटुंब एक, माणसं दोन' असं लिहिलं आणि दाराच्या पत्र्यावर गेरूनं एकेचाळीस आकडा काढला. रसूलबीनं त्याला गुळाचा चहा पाजला.

त्यानंतर महिनाभर दोघींचं बोलणं एकच. खिडकी कुठं, चूल कुठं. रसूलबीचं मागणं फार नव्हतं. "मला दारापशी एक वटा पायजे. वट्यावर हुभी ऱ्हाऊन तुझ्या डोक्यावरचा हंडा आरामात उतरवीन. टाचा वर करून करून माझ्या पोटऱ्या भरून येतात."

"वटा तर वटा," भिवराबाई म्हणायची. "आपलंच घर हाय."

याद्या लागल्या त्या तीन. तीन सोसायट्या, तीन जागा. पहिली मोंढ्याच्या रस्त्याला, नळाची लाईन असलेली. दुसरी टेकडीखाली. तिसरी नाल्यापलीकडं, जिथं तोवर गावाचा कचरा पडायचा. रस्ता नाही, दिवा नाही, पाण्याचं पुढं बघू. आणि कोण कुठं, ते ज्याच्या त्याच्या समाजावरून. नकाशाच वरून तसा आला होता. एका समाजाची माणसं एका जागी राहिली की तंटे होत नाहीत, असं म्हणे. अहो, नदीकाठी पंधरा वर्षांत कुणाचं डोकं फुटलं नव्हतं! पण सरकारला शांततेची घोर काळजी. मोंढ्यातल्या बाया तूर निवडतात तशी त्यांनी माणसं निवडली. त्यातला खडा कुठला आणि तूर कुठली, ते मात्र निवडायला बसायच्या आधीच ठरवून आले होते.

पहिल्या यादीत एकेचाळीस नंबरला भिवराबाईचं नाव होतं, आणि 'माणसं दोन' या शब्दांभोवती तांबडं वर्तुळ. चौकशीला बोलावणं आलं.

हापिसात साहेब होते आणि पहिल्या सोसायटीचे चेअरमन बबनराव होते. बबनराव म्हणजे पन्नास एकरांचे धनी, पांढरी टोपी, आवाजात माया. ते वाईट माणूस नव्हते हो, तिथंच तर सगळं अडतं. वाईट असते तर भिवराबाईनं त्यांचं ऐकलं नसतं. रसूलबी दारातच थांबली, चपला हातात घेऊन.

साहेबांनी विचारलं, "ही बाई तुमची कोण?"

"जोडीदारीण."

"म्हणजे? बहीण? जाऊ? नणंद? नातं लिहावं लागतं."

"आमचा एक कोयता हाय, सायेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्या कागदावर नवऱ्याला रकाना होता, लेकराला होता, सासूला होता. कोयत्याला नव्हता. बबनराव उठले आणि भिवराबाईला खिडकीकडं घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, "भिवराबाई, तू आपल्यातली. तुझ्यासाठी मी शब्द टाकलाय. आता ही घरातली हाय म्हणलीस तर खोटी माहिती दिली म्हणून नंबरच रद्द व्हतोय. ना तुला घर, ना तिला. कामातली हाय म्हण. तुझं तरी पक्कं करून घेऊ. तिचं मागनं बघता येईल, तिची यादी हायच की."

भिवराबाई परत टेबलापाशी आली.

"नीट सांगा बाई," साहेब म्हणाले. "घरातली का कामातली?"

तिला दिरांचं घर आठवलं. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर रिकामी राहिलेली आपली जागा आठवली. पन्नाशी आलेली, हात वर जात नाही, नदीकाठावरून तर उठवणारच. पक्कं छप्पर पुन्हा कोण देणार होतं?

"कामातली," ती म्हणाली.

साहेबांनी तांबड्या शाईनं एक रेघ ओढली. रसूलबीचं नाव खोडायला तेवढा वेळ पुरला.

येताना दोघी रस्त्यानं पुढंमागं चालत होत्या. मग रसूलबी म्हणाली, "बरं केलंस. एकीला तरी छप्पर." आणखी थोडं चालल्यावर म्हणाली, "पण भिवरे, लई पटकन म्हणलीस गं."

भिवराबाई पदर पुढं ओढून चालत राहिली. तेव्हा रडली असती तरी चाललं असतं, पण तिला रडूही आलं नाही.

झोपडी मोडायच्या दिवशी दोघींनी संसार वाटून घेतला. संसार तो काय! लोखंडी कोयता रसूलबीनं घेतला, तोडायचा हात तिचा. तवा तिनं घेतला, पितळी हंडा भिवराबाईला दिला. चुंबळ हातात घेऊन क्षणभर बघितली आणि हंड्यावर ठेवून दिली. "घे. वझं तर तूच न्हेणार." आणि गेली नाल्यापलीकडं, तिच्या यादीत.

भिवराबाई पक्क्या घरात आली. दोन खोल्या, वर पत्रा, दाराला कडी-कोयंडा. दारापाशी ओटा नव्हता. सोसायटीच्या नकाशात कुणालाच ओटा नव्हता. घर चांगलं होतं, त्यात नावं ठेवायला जागा नाही. पण सवयीनं ती चार भाकरी करायची आणि दोन खाऊन उरलेल्या दोन बघत बसायची. काही दिसलं, काही ऐकलं की "अगं रसूले" म्हणून तोंड उघडायची आणि मग भिंत दिसायची. भिंत पक्की होती. पलीकडलं कुणी खोकललेलंसुद्धा ऐकू येत नव्हतं.

शेजार वाईट नव्हता. शेजारची सत्यभामा आल्या दिवशीच विचारपूस करून गेली. गाव कोणतं, माहेर कुठलं, नवरा कशानं गेला. मग म्हणाली, "पिंजारणीसंगं व्हता म्हणं तुमी? अकरा वर्षं?" भिवराबाई म्हणाली, "व्हय." सत्यभामा म्हणाली, "असू द्या, परिस्थिती काय काय करायला लावती." आणि चहा न घेता गेली. उपवास आहे म्हणाली. वार मंगळवार होता आणि सकाळीच तिला भाकरी खाताना भिवराबाईनं बघितलं होतं.

नळाला चार दिवस पाणी आलं, मग नळ नुसता फुसफुसायला लागला. दिवसाआड टँकर यायचा. तो आला की कॉलनीत झुंबड. सासू सुनेच्या डोक्यावर हंडा चढवायची, जाऊ जावेच्या. भिवराबाई भरलेला हंडा पुढ्यात घेऊन उभी राहायची. "कुणी हात लावा गं बायांनो." तोंडावर कुणी नाही म्हणालं नाही. एकीचं लेकरू रडायचं, एकीला घाई असायची, एक मान हलवून दुसरीकडं बघायची. सगळ्यांना ठाऊक होतं की या हंड्याचं पाणी पिंजारीण प्यायलेली आहे. नदीकाठी होत्या तेव्हा याच बायांनी रसूलबीच्या हातून चुलीतला विस्तव नेला होता, पण पत्ता बदलला की माणसं बदलतात. शेवटी भिवराबाईनं हंडा कोपऱ्यात पालथा घातला आणि कळशी घेतली. कमरेवर अर्धी कळशी बसायची. तेवढ्यात भागवायची.

दसरा जवळ आला तसा शहादेव मुकादम कोयते जमवत फिरायला लागला. तो कॉलनीत आला तेव्हा भिवराबाई उंबऱ्यात बसली होती. त्याला पाणी दिलं. त्यानं ते घटाघटा पिऊन टाकलं, त्याला तसला काही विटाळ नव्हता.

"मुकादम, आमचा कोयता लिवा यंदाबी," ती म्हणाली.

शहादेवनं तांब्या खाली ठेवला. "तिला आधी इचारून आलो मी. नाल्यापल्याड गेलतो. ती म्हणली, कामाला कुणाबरबरबी जाते. भिवराबाईबरबर न्हाई जायची."

"कावून?"

"मीबी तेच इचारलं, कावून गं, अकरा वर्षं तर गेलीस." शहादेव थोडा अडखळला. थट्टेखोर माणूस, पण त्याच्या तोंडून थट्टा निघेना. "म्हणली, भिवराबाईबरबर मी कामाला नव्हते जात."

शहादेव गेल्यावर भिवराबाई तिथंच बसून राहिली. ऊन पायावर आलं, गुडघ्यावर आलं, तरी उठली नाही. अकरा वर्षं रसूलबी ऊस तोडायला गेली नव्हती. ती भिवराबाईबरोबर राहायला गेली होती, आणि ऊस तुटत होता तो जाता जाता. हे बाईला आज कळलं. आणि कळून उपयोग काय, हापिसात 'कामातली' तर म्हणून बसली होती. तेव्हा मात्र ती रडली, तोंडात पदर कोंबून, भिंत पक्की असूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती हापिसात गेली. साहेब तेच होते. "सायेब, माझं चुकलं. ती घरातली हाय. कामातली न्हाई. तेवढं खोडून परत लिवा."

साहेबांना आधी आठवेना, मग आठवलं. ते रागावले नाहीत. "असं मागं जाता येत नाही, बाई. घरातली म्हटलं तर तुमचा अर्ज खोटा ठरतो. घर परत करावं लागेल."

"करते की."

"करा. पण मग राहणार कुठं? नाल्यापलीकडं तुम्हाला घर देता येत नाही, तुम्ही त्या समाजाच्या नाही. आणि त्यांना तुमच्या सोसायटीत घेता येत नाही."

"पैल्यासारकं नदीकाठी?"

"तिथं आता तारेचं कुंपण झालंय."

"मग आमी दोघींनी ऱ्हायचं कुठं, सायेब?"

साहेब खरंच विचारात पडले. माणूस बरा होता तोही. बघा, या गोष्टीत सगळी बरीच माणसं आहेत. शेवटी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "वेगवेगळ्या राहा ना, बाई. त्यासाठीच तर योजना आहे."

घरी येऊन भिवराबाईनं कोपऱ्यातला हंडा सरळ केला, राखेनं घासला, चुंबळ झटकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात नाल्याकडं चालायला लागली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की रिकाम्या हातानं दारात जायला तोंड नाही, आणि हंडा घेऊन पाण्यावर जायला कुणाची हरकत नसते.

नाल्यापलीकडं घरं अर्धीच झाली होती. कुडाला पत्रे टेकवलेले. टँकर तिकडं आठवड्यातून एकदा, आला तर. बाया नाल्याच्या वाळूत झिरा खणून त्यात पाझरणारं पाणी वाटीवाटीनं भरत होत्या. रांगेतली एक म्हणाली, "तुमच्या कालनीत ट्यांकर येतंय की. इकडं कावून आलाव?" भिवराबाई रांगेच्या शेवटाला उभी राहिली.

रसूलबी झिऱ्याच्या तोंडाशी बसली होती. तिनं वर बघितलं आणि परत खाली बघून वाटीनं पाणी काढत राहिली. उन्हं वर आली, रांग सरली, बाया गेल्या. भिवराबाईनं हंडा पुढं सरकवला. रसूलबीनं तो भरायला घेतला. वाटीवाटीनं एवढा मोठा हंडा भरायला किती वेळ लागतो, बघा बसून कधी.

"वाळलीस," रसूलबी म्हणाली.

"अर्धी कळशी मिळती. हंड्याला हात लावायला कुणी न्हाई."

"एवढ्या तुझ्या मान्सांत?"

भिवराबाईला ते लागलं, लागायलाच हवं होतं. "मी हापिसात गेलते," ती म्हणाली. "म्हणलं, ती घरातली हाय, लिवा. घर घ्या म्हणलं माघारी. न्हाई घेतलं लिवून."

रसूलबीची वाटी थांबली. "आता गेलतीस?"

"आता."

"तवा इचारलं व्हतं त्यांनी, भिवरे."

"व्हय. माझं चुकलं गं. लई चुकलं."

रसूलबी वाटीनं पाणी काढून हंड्यात ओतत राहिली, हंडा काठोकाठ भरेपर्यंत. मग उठली, हात पदराला पुसले. चुंबळ भिवराबाईच्या हातून घेतली, दाबून बघितली. "बसली ही. कापूस काढून परत भरायला पायजे," असं स्वतःशीच बोलली आणि ती तिच्या डोक्यावर ठेवली. दोघींनी दोन्हीकडून हंडा धरला. रसूलबीनं टाचा वर केल्या. हंडा चढला. इतक्या महिन्यांनी डोक्यावर भरलं वजन आलं आणि भिवराबाईला वाटलं, आता कुठं आपण नीट उभ्या आहोत.

"येशील का गं हंगामाला?" तिनं विचारलं. डोक्यावर हंडा असल्यानं तिला खाली, रसूलबीच्या तोंडाकडं बघता येत नव्हतं. समोर नुसता नाला दिसत होता आणि पलीकडं तिच्या कॉलनीचे पत्रे.

रसूलबी तिच्या मागं गेली.

"मान सरळ ठेव," ती मागून म्हणाली. "सांडशील."

भिवराबाई चालायला लागली. नाला उतरली, नाला चढली, मोंढ्याचा रस्ता ओलांडला. थेंब सांडला नाही. कॉलनीत शिरली तेव्हा बाया दारात उभ्या राहून बघायला लागल्या. टँकरचा दिवस नव्हता आणि हिच्या डोक्यावर भरला हंडा! ती एकेचाळीस नंबरच्या दारापाशी येऊन थांबली. आणि मग तिला आठवलं.

ओझं चढवायला माणूस लागतं, तसं उतरवायलाही लागतं. खांदा तर कानाच्या वर जात नव्हता. दारापाशी ओटा नव्हता, ओट्यावर उभी राहून उतरवून घेणारी नव्हती. किल्ली कमरेला होती, पण कुलूप खाली होतं आणि वाकायची सोय नव्हती. स्वतःच्या पक्क्या घरापुढं बाई हंडा घेऊन उभी.

सत्यभामा बाहेर आली. "बाई गं, कुठनं आणलं एवढं पाणी?"

"नाल्यापल्याडनं. जरा हात लाव बाई, उतरव तेवढा."

सत्यभामाचा हात पुढं आला होता, हे खरं सांगायला पाहिजे. अर्ध्यात आला आणि थांबला. "माझे हात खरकटे हायती," ती म्हणाली. "थांबा, धुवून येते." ती आत गेली. दार हळूच लागलं.

भिवराबाई थांबली. चांगला बराच वेळ थांबली. मान भरून आली. हंडा फेकून द्यावा तर ते पाणी वाटीवाटीनं भरलेलं. सत्यभामाचं दार काही उघडलं नाही.

डोक्यावर भरला हंडा असला की मान वळवता येत नाही. म्हणून भिवराबाई आख्खीच वळली. घराकडं पाठ केली आणि आली त्याच वाटेनं, मान सरळ ठेवून, नाल्याकडं चालायला लागली. हे ओझं आपल्या डोक्यावरून उतरवून घेणारं माणूस सगळ्या बीडमध्ये एकच आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ती उतरवून घेईल का नाही, ते तिथं गेल्यावरच कळणार होतं.